कुठेही

आमच्या बँकेत वर्षातून एकदा एक परिपत्रक येतं. तशी परिपत्रकं रोजच येतात आणि 'वाचलं' अशी सही करून आम्ही ती न वाचताच पुढे सरकवतो; पण हे एक मात्र सगळे जण चष्मा पुसून वाचतात. ज्या कारकुनांना अधिकारी व्हायचं असेल त्यांनी अर्ज करावा, असं त्यात असतं. अर्ज साधा आहे. नाव, नोकरीची वर्षं, शिक्षण (मी बी.कॉम. आहे, तेही एका झटक्यात नव्हे) आणि सर्वांत शेवटी एक ओळ : 'भारतात कुठेही बदली झाल्यास जाण्याची माझी तयारी आहे.' त्याखाली सही.

या 'कुठेही' शब्दापाशी माझं पेन गेली चौदा वर्षं अडलेलं आहे.

पहिली दोन वर्षं आईचे गुडघे आडवे आले. मग चिरंजीवांची शाळा बदलणं बरं नव्हे म्हणून दोन वर्षं गेली. मग त्याची स्कॉलरशिप, मग घराचं कर्ज, मग दहावी. २०२० आणि २०२१ साली तर सगळं जगच बदलीला नकार देऊन घरी बसलं होतं, तेव्हा मी एकट्यानं अर्ज भरणं शोभलं नसतं. मग बारावी. माझ्याबरोबर लागलेले दोघं जण आज मॅनेजर आहेत. ते सुट्टीत भद्रावतीला आले की माझ्या काउंटरवर येऊन, "तूच खरा सुखी बाप्पा!" असं म्हणतात. हे वाक्य माणूस फक्त आपल्यापेक्षा कमी पगार असलेल्याला म्हणतो.

आमच्या गावाचं रेल्वे स्टेशन भांदक या नावानं आहे. दिल्लीहून चेन्नईला जाणारा लोहमार्ग तिथूनच जातो. म्हणजे 'कुठेही' जाणाऱ्या गाड्या दिवसरात्र आमच्या गावाला धडधडत ओलांडत असतात. त्यातल्या बऱ्याचशा थांबत नाहीत, हे एका परीनं बरंच आहे. थांबल्या असत्या तर मला आणखी कारणं शोधावी लागली असती.

तर असा हा, नागपूरला मुक्काम पडला तरी उशी बदलली म्हणून झोप न येणारा माणूस, गेलं वर्षभर रोज रात्री साडेनऊ वाजता आकाशगंगेत जातो.

त्याचं असं झालं. चिरंजीव शिकायला पुण्याला गेले आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेले. त्यात एक खेळ होता. नाव 'नो मॅन्स स्काय'. ज्याच्या सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही असं आकाश, असा मी त्याचा अर्थ लावला. जाण्याच्या आदल्या रात्री त्यानं मला तो शिकवला.

"याच्यात जिंकाचं कसं?" मी विचारलं.

"जिंकाचं नसते, बाबा."

"मग शेवट काय होते?"

"शेवट नसते."

"मग करा काय लागते?"

"काईच नाई. तुमाले वाटन तिकडं जा. कुठंबी."

चौदा वर्षं ज्या शब्दानं माझा पिच्छा पुरवला, तो शब्द माझ्याच पोराच्या तोंडून, माझ्याच घरात, आणि तोही सही न मागता आला! मी खुर्ची पुढे ओढली.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष १९८४ सालचा. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन पोरांनी 'एलिट' नावाचा खेळ बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकासाठी लिहिला. त्या यंत्राची स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारी लग्नपत्रिकासुद्धा त्यात मावणार नाही. तेवढ्यात या दोघांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. खेळाडूच्या हातात सुरुवातीला शंभर क्रेडिट ठेवायचे आणि सांगायचं, 'जा, एका ग्रहावर स्वस्त घे, दुसऱ्यावर महाग विक.' शेवट तिथंही नव्हताच. चंद्रपूरच्या गोल बाजारात जे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे, ते केंब्रिजच्या पोरांना अंतराळात सुचलं, एवढाच फरक. खरं तर त्यांना २८१ लाख कोटी आकाशगंगा द्यायच्या होत्या. प्रकाशकानं हात जोडले. इतक्या दिल्या तर या सगळ्या एकाच गिरणीतून आल्या आहेत हे लोकांच्या ध्यानात येईल, असं त्याचं म्हणणं. प्रकाशक शहाणा होता. परमेश्वराला असा प्रकाशक वेळेवर भेटला असता तर चौऱ्याऐंशी लक्ष योनींचं काम थोडक्यात आटपलं असतं.

'नो मॅन्स स्काय' २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला, आणि त्याच्या कर्त्यांना असा प्रकाशक भेटला नाही. इंग्लंडातल्या गिल्डफर्ड गावची 'हॅलो गेम्स' ही छोटीशी कंपनी आणि तिचे शॉन मरी यांनी जाहीर केलं, की आमच्या आकाशात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह आहेत. हा आकडा मी ओळखला. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे मागून राजाला भिकेला लावणाऱ्या पंडिताची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. चौसष्ट घरांतल्या एकूण दाण्यांची बेरीज या आकड्यापेक्षा बरोब्बर एकानं कमी येते. एका ग्रहाला एक सेकंद दिला तरी सगळे बघून व्हायला सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागतील. आपल्या या खऱ्या विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्व बेचाळीस वेळा जन्माला घालून मारावं लागेल, आणि तेही मधली जेवणाची सुट्टी न घेता.

एवढे ग्रह ठेवलेत कुठं, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर बँकेच्या माणसाला चटकन कळतं. ते ठेवलेलेच नाहीत! तुमच्या आवर्ती ठेवीची मुदतीनंतर मिळणारी रक्कम काही आज तिजोरीत बांधून ठेवलेली नसते. ती सूत्रात असते. तसा इथं प्रत्येक ग्रहाला एक क्रमांक आहे. तुम्ही जवळ गेलात की यंत्र तो क्रमांक सूत्रात घालतं आणि डोंगर, समुद्र, गवत, जनावरं सगळं हिशेबानं काढून देतं. तुम्ही पाठ फिरवलीत की खातं बंद. पुन्हा आलात की तोच क्रमांक, तेच सूत्र, तेच डोंगर. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. शंकराचार्यांना मायावाद सांगायला केवढे कष्ट पडले असतील!

आता तुम्ही म्हणाल, मग मजा कसली? मजा आहे. पहिल्यांदा यान जमिनीवरून उचललं, ढग खाली राहिले, निळं आकाश काळं झालं आणि मघाशी ज्या दरीत मी तासभर दगड फोडत होतो ती दरी नखाएवढी झाली, तेव्हा छातीत खरोखर धस्स झालं. त्याच वेळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, कुठं गेले?"

"तीनशे चाळीस प्रकाशवर्षं," मी म्हणालो.

"येताना विरजणाले दही घेऊन या."

मजेइतकाच मनस्तापही आहे. खेळ सुरू होतो तो तुम्ही एका अनोळखी ग्रहावर उभे आणि यान मोडून पडलेलं, असा. यान दुरुस्त करायला दगड फोडायचे, श्वास घ्यायला ऑक्सिजन गोळा करायचा, ऊन लागू नये म्हणून सोडियम शोधायचं. माझा पहिला ग्रह नेमका तापलेला निघाला. अंगातला सूट सारखा ओरडत होता, 'धोका! उष्णता!' मे महिन्यात सत्तेचाळीस अंशात खिशात कांदा ठेवून आम्ही बँक उघडतो, आम्हाला तो काय उष्णता शिकवणार! यान सुधारलं तर प्रत्येक उड्डाणाला इंधन लागतं. इंधनासाठी उतरायचं, आणि उतरलं की पुन्हा उडायला इंधन. आमच्याकडे काही कर्जदार पहिलं कर्ज फेडायला दुसरं घेतात, त्यांची मनःस्थिती मला त्या दिवशी प्रथम उमगली. पिशवीत जागा कधीच नसते. एक वस्तू घ्यायची तर दुसरी टाकायची. आणि आठवड्याभरानं ध्यानात येतं की काल ज्या झुडपाला जांभळी पानं होती तेच झुडूप आज नारिंगी होऊन उभं आहे. कालच्या बैलाला आज फक्त डुकराची शेपटी लावलेली. त्या जुन्या प्रकाशकाचं म्हणणं अगदी खरं!

ताडोबा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथं पहाटे चारला उठून, जिप्सीचे पैसे भरून, दिवसभर धूळ खाऊन पाहुणे चितळांचे फोटो घेऊन परत येतात. पण वाघ दिसला नाही तरी तो असतो. आपण न जाताही तो पाणवठ्यावर येतो, पाणी पितो, आपल्या न येण्याचं त्याला काही वाटत नाही. माझ्या आकाशातलं जनावर मी गेल्याशिवाय जन्मालाच येत नाही. पहिले काही दिवस मला यात देवपण वाटलं. नंतर नंतर ओशाळं वाटू लागलं. आपण आलो म्हणून बिचाऱ्यांना उभं राहावं लागतं!

त्या अफाट पसाऱ्यात माझा जीव जडला तो एकावरच. प्रत्येक अंतराळस्थानकात काही परग्रहवासी असतात. त्यांतली 'गेक' नावाची एक जात आहे; ठेंगणी, चोचवाली, थोडी बेडकासारखी. तिच्यातला एक गृहस्थ काउंटरमागे उभा असतो. लाखो प्रकाशवर्षांवरून प्रवासी येतात, व्यवहार करतात, भुर्र उडून जातात. तो काउंटर सोडत नाही. त्याची भाषा एकेक शब्द करत शिकावी लागते. मी चिकाटीनं शिकलो. तमिळनाडूत बदली झाली तर भाषा कशी जमेल, या धास्तीनं ज्यानं चौदा वर्षं अर्ज भरला नाही, त्यानं महिन्याभरात बेडकाशी बोलण्याइतकी मजल मारली. पहिल्यांदा त्याचं एक पूर्ण वाक्य समजलं तेव्हा मला, 'पासबुक भरून देऊ का?' असंच ऐकू आलं.

आणि मग त्या दिवशी ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हे सगळं पुराण लावलं.

त्याआधी एक सांगायला हवं. हा खेळ बाजारात आला तेव्हा पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी पोचले. 'मी इथं आहे' असं एक म्हणे, 'मीपण इथंच आहे' असं दुसरा म्हणे, आणि दोघं एकमेकांना दिसेनात! एवढ्या मोठ्या आकाशात भेट व्हायची सोयच कर्त्यांनी ठेवली नव्हती. लोक भडकले, पैसे परत मागू लागले. कंपनीनं खुलाशांचा पाऊस पाडला नाही. गप्प बसून काम केलं आणि वर्षानुवर्षं फुकट दुरुस्त्या दिल्या. जुलै २०१८ पासून माणसं एकमेकांना नीट दिसू लागली. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची ही पद्धत मला फार आवडली. आधी नोंद सुलटी करा, बोलणं मागाहून.

तर चिरंजीवांनी पुण्यात खेळाची दुसरी प्रत घेतली आणि एका रविवारी फोन केला, "बाबा, मी येऊन राहिलो तुमच्या ग्रहावर." थोड्या वेळानं आकाशातून एक यान उतरलं आणि त्यातून सूट घातलेला एक प्राणी उतरून मला हात दाखवू लागला. मी त्याला माझं घर दाखवलं. होय, मी घर बांधलं होतं. एका टेकडीच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं, पुढं ओटा. ग्रहाचं नाव इंग्रजी अक्षरांत 'भद्रावती' ठेवलं होतं.

तो घरभर फिरला. मग फोनवर म्हणाला, "बाबा, वर्ष झालं ना तुमाले खेळून?"

"हाओ."

"आन्‌ एवढ्यात तुमी तीनच सूर्यमाला पायल्या?"

"एकीत सोडियम बरं भेटते," मी म्हणालो, "एकीत भाव चांगला येते, आन्‌ ही राहाची."

तो काही बोलला नाही. त्याचा सूटमधला प्राणी माझ्या ओट्यावर नुसता उभा होता. मग तो म्हणाला, "औंदा फॉर्म आला का बँकेत?"

"आला."

"बाबा, माझ्या बारावीच्या वर्षी तुमी फॉर्म नव्हता भरला. दहावीच्याबी. आजी सांगे सगळ्याईले, पोरासाठी यानं मॅनेजरकी सोडली म्हणून. मले लई लागे ते मनाले. मार्क कमी पडले तवा तर वाटलं, याच्यासाठी बाबा अडकून राहिले."

तीनशे चाळीस प्रकाशवर्षांवर, बिनहवेच्या ग्रहावर मला घाम फुटला.

मी आयुष्यभर नावे आणि जमा लिहीत आलो. कुणाची रक्कम कुणाच्या खात्यावर पडली तर संध्याकाळी हिशेब जुळत नाही, आणि जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही. मग चौदा वर्षं माझा हिशेब कसा जुळला? माझी भीती मी कधी आईच्या गुडघ्यांच्या नावे टाकली, कधी पोराच्या दहावीच्या, कधी घराच्या कर्जाच्या. क्रमांक एकच, सूत्र एकच. वर्षागणिक फक्त पानांचा रंग बदलायचा. ज्या गुडघ्यांपायी मी अधिकारी झालो नाही, ते गुडघे आज शहात्तराव्या वर्षी रोज सकाळी भद्रनागाच्या देवळात पायी जाऊन येतात. त्यांची काही तक्रार नाही. पण पोरानं मात्र न घेतलेल्या कर्जाचं व्याज इतकी वर्षं मुकाट्यानं भरलं होतं.

मोकळीक मिळाली की माणूस बदलतो, असं आपण समजतो. बंधनं आहेत म्हणून, नाहीतर आम्ही काय नसतं केलं! पण या खेळानं माझी सगळी बंधनं एका झटक्यात काढून घेतली. तिथं आई नाही, दहावी नाही, हप्ता नाही, तमिळ नाही. समोर एक लाख चौऱ्याऐंशी हजार कोटी कोटी ग्रह. आणि मी काय केलं? दोन खोल्या बांधल्या, पुढं ओटा काढला, ठरलेल्या ठिकाणी जाऊन माल विकला आणि संध्याकाळी घरी परत आलो. सगळी कारणं वजा केल्यावर खाली जी बाकी उरली, ती माझीच होती. मोकळीक माणसाला बदलत नसावी. ती फक्त त्याचा ताळेबंद उघडून दाखवते.

"ऐक," मी फोनवर म्हणालो, "तुझ्यासाठी नव्हतो थांबलो मी. मले भेव वाटे. आन्‌ खरं सांगू, मले इथंच राहाचं होतं. तुही दहावी नसती ना, तर म्या दुसरं कायतरी काढलं असतं."

बराच वेळ तिकडून आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला. मग तो हसला. चांगला मोकळा हसला. "हे आधी सांगाचं ना बाबा," म्हणाला, आणि त्याचा तो प्राणी माझ्या अंगणात उड्या मारू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विजासन टेकडीवर फिरायला गेलो. तिथं बौद्ध लेणी आहेत, शेकडो वर्षांपूर्वीची. लेण्यातून एक बोळ सरळ खडकात सत्तरेक फूट आत जातो आणि त्याच्या टोकाला अंधारात बुद्ध बसलेला आहे. बाजूंच्या बोळांतही तसेच. ज्यांनी हा खडक फोडला त्यांनाही सगळा मुलूख मोकळा होता. ते एका टेकडीपाशी थांबले आणि आत आत शिरत गेले. थांबण्यात काही कमीपणा नाही, हे मला त्या बोळात उभं राहून पटलं. पण ते थांबले ते थांबायचं म्हणून. 'आईचे गुडघे दुखतात, म्हणून लेणं खोदत बसलो,' असं त्यांनी कुठं कोरून ठेवल्याचं मला तरी आढळलं नाही. मी चौदा वर्षं थांबलो खरा, पण हातात छिन्नी काही घेतली नाही.

परवा अर्जाची शेवटची तारीख आहे. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे, शेवटच्या ओळीपर्यंत भरलेला. सही होईल की नाही, हे आत्ता मलाही सांगता येत नाही. काल आमच्या हेडकॅशिअरनी नेहमीप्रमाणं विचारलं, "मग? यंदा काय कारण?"

"यंदा काईच कारण नाई," मी म्हणालो.

ते चपापून माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, माझी तब्येत बरी नाही.